मोटारसायकलची साखळी



पैनगंगेच्या अलीकडच्या आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात एका पिढीपूर्वी एखाद्या शेतकऱ्याची ऐपत जोखावयाची झाली, तर लोक त्याच्या गोठ्यातील बैल मोजीत. आज ओसरीपुढे उभ्या असलेल्या मोटारसायकलीकडे पाहतात. बेला, जैनद, तांसी या बाजूच्या कोणत्याही गावात सकाळी आठाच्या सुमारास उभे राहावे. दूध, खताचे पोते, शाळेत जाणारी दोन मुले, तालुक्याच्या दवाखान्यात निघालेली म्हातारी, हे सारे दोन चाकांवरून जाताना दिसेल. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुकेही याच जिल्ह्यात होते. पुढे राज्याची सीमा मध्ये आली. सोयरिकी मात्र जिथल्या तिथेच राहिल्या. त्यामुळे लग्न, बारसे, तेरवी यांसाठी पैनगंगेचा पूल ओलांडणे हे आम्हां मराठी बोलणाऱ्यांचे नित्याचे काम आहे, आणि ते बहुधा मोटारसायकलवरूनच होते.

या वाहनाचे इंजिन किती ताकदीचे, ते लिटरला किती किलोमीटर जाते, याची चर्चा चावडीपासून चहाच्या टपरीपर्यंत सर्वत्र चालते. परंतु इंजिनाची ती ताकद मागच्या चाकापर्यंत जिच्यामुळे पोचते, त्या साखळीविषयी, म्हणजे आपण बोलताना जिला चेन म्हणतो तिच्याविषयी, ती तुटेपर्यंत कोणी चकार शब्द काढीत नाही. माझे आयुष्य मोटारसायकलींच्या दुरुस्तीत गेले. त्या अनुभवावरून आज या साखळीसंबंधी चार गोष्टी आपणांपुढे मांडणार आहे.

प्रथम ही साखळी आहे तरी काय, ते पाहू. विहिरीच्या किंवा गुरांच्या साखळीप्रमाणे ती नुसत्या कड्यांची नसते. तिच्यात दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांतून आडवी पिन जाते. पिनेभोवती एक बारीक नळी असते, तिला बुश म्हणतात. आणि बुशावर एक मोकळा फिरणारा रोलर असतो. स्प्रॉकेटचा, म्हणजे दातेरी चाकाचा, दाता या रोलरला भिडतो. ही रचना मँचेस्टर येथे स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस कारागिराने १८८० साली सिद्ध केली. त्यापूर्वीच्या साखळ्यांत पिनेचा सारा भार पातळ पट्ट्यांच्या कडांवर येई आणि त्या लवकर झिजत. रेनॉल्डने मध्ये बुश घातला आणि तो भार पिनेच्या जवळजवळ सबंध लांबीवर पसरला. गोष्ट करंगळीएवढीही नाही. परंतु सायकल आणि तिच्यामागून मोटारसायकल जगभर धावू लागली ती या नळीच्या जोरावर. आपल्याकडे अशा साखळ्या चेन्नई, कोइमतूर येथील कारखान्यांत कित्येक दशके तयार होत आहेत, आणि त्या चांगल्या असतात.

आता या पिनेला काम तरी किती पडते, याचा हिशेब करून पाहा. मागच्या चाकाचा घेर दोन मीटरांहून थोडा कमी असतो, म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे पाचशेहून अधिक फेरे होतात. मागच्या स्प्रॉकेटला ४२ दाते आणि साखळीला १०८ दुवे आहेत असे धरले, तर तेवढ्या अंतरात सबंध साखळी सुमारे दोनशे वेळा फिरते. प्रत्येक फेरीत प्रत्येक दुवा पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना वाकतो, उतरताना सरळ होतो. मागच्यावर पुन्हा तसेच. एका किलोमीटरला ही उठाबशी आठशे वेळा झाली. तीस किलोमीटरवरील बाजाराला एकदा गेले की चोवीस हजार वेळा पिन आपल्या बुशात घासली. आणि घासते ती कशावर? तेल असेल तर तेलाच्या पातळ थरावर. नसेल तर लोखंड लोखंडावर.

साखळी 'लांबते' असे आपण म्हणतो. वस्तुतः पोलाद रबरासारखे ताणले जात नाही. पिन आणि बुश केसाकेसाने झिजतात, प्रत्येक सांध्यात थोडी पोकळी पडते, आणि शंभरावर सांध्यांची ती पोकळी एकत्र होऊन साखळी सैल पडते. सैल पडली म्हणून मागचे चाक सरकवून ताण दिला, तरी झीज भरून येत नाही. दुव्यांमधले अंतर वाढलेले असते. दात्यांमधले अंतर मात्र पहिलेच असते. मग रोलर दात्याच्या बुडाशी न बसता वर चढू लागतात, दाते आकड्यासारखे वाकतात, आणि ओझे घेऊन चढ चढताना एक दिवस साखळी दात्यांवरून उसळते. उसळून ती पुढच्या स्प्रॉकेटपाशी अडकली, तर मागचे चाक जागच्या जागी जाम होते. महबूब घाटाच्या वळणावर, मागून मालमोटार येत असताना असे होणे म्हणजे काय, याची कल्पना आपण करू शकाल.

आमच्या जिल्ह्याची म्हणून या बाबतीत एक खास अडचण आहे. इकडची पुष्कळशी जमीन काळी, कपाशीची. या मातीचा गुण शेतकऱ्याला सांगावयास नको. पावसात ती फुगते, चाकाला, चपलेला, नांगराला चिकटते. उन्हाळ्यात भेगाळते आणि वाटेवर तिचे पीठ होते. जून ते सप्टेंबर पांदणीतून गेलेली मोटारसायकल घरी येते ती चेनकव्हरात चिखलाचा गोळा भरूनच. तो वाळतो, त्यातील बारीक कण तेलात मिसळतात, आणि सहाणेवर चंदन उगाळावे तशी पिन उगाळली जाते. नदीकाठच्या लोकांच्या वाट्याला वर वाळू येते. ती तर याहून कठीण. दिवाळीनंतर कापूस निघाला की आणखी एक गोष्ट मी पाहतो: गाठोडे बांधून जिनिंगकडे नेताना त्यातील तंतू उडतात आणि तेलकट साखळीवर बसून पुढच्या स्प्रॉकेटभोवती काळ्या वातीसारखे गुंडाळले जातात. ते काढावयाचे असतात हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

आपल्याकडील साध्या मोटारसायकलींना बहुधा पूर्ण झाकलेले चेनकव्हर असते. ते उत्तमच आहे. धूळ कमी जाते, लुगड्याचा पदरही सुरक्षित राहतो. परंतु झाकलेली वस्तू डोळ्यांआड होते. त्या कव्हराला खालच्या बाजूस रबराचे एक बूच असते. ते काढून बोटाने साखळी खाली-वर हलवून पाहण्यासाठीच ते ठेवलेले आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहा गाड्यांपैकी आठ गाड्यांची बुचे हरवलेली असत, आणि त्या भोकातून चिखल सुखाने आत जात असे. उरलेल्या दोन गाड्यांची बुचे कारखान्यातून आल्यापासून निघालेलीच नसत!

साफसफाईचे सांगतो. रॉकेल किंवा डिझेल चिंधीला लावून, मऊ ब्रशाने साखळीवरील काळा थर काढावा. पेट्रोल वापरू नये. एक तर ते भडकते. दुसरे असे की काही नव्या, जास्त ताकदीच्या मोटारसायकलींच्या साखळीत प्रत्येक पिनेपाशी रबराची बारीक कडी असतात, त्यांना ओ-रिंग म्हणतात. कारखान्यात भरलेले ग्रीस आत कोंडून ठेवण्याचे काम ती करतात. पेट्रोलने आणि तारेच्या ब्रशाने ती कडी खराब होतात, आतील ग्रीस जाते, आणि महागाची साखळी स्वस्तातल्या साखळीच्याही आधी संपते.

त्यानंतर तेल. यासंबंधी आमच्याकडे एक अनिष्ट रिवाज पडला आहे. इंजिनातून काढलेले जळके ऑइल बाटलीत भरून ठेवावयाचे आणि तेच साखळीला पाजावयाचे. फुकट मिळते, हा त्याचा एकमेव गुण. त्या ऑइलात काजळी असते, धातूचा कीस असतो. चांगल्या साखळीच्या सांध्यात तो कीस आपल्या हातांनी नेऊन घालण्यासारखे हे आहे. दुसरी चूक घट्ट ग्रीस थापण्याची. ग्रीस वरच राहते, आत पिनेपर्यंत पोचत नाही, आणि धूळ मात्र गोळा करते. गिअरपेटीचे जाड तेल, ज्याच्या डब्यावर ९० हा आकडा असतो, ते उत्तम. बाजारात साखळीसाठी मिळणारा फवाराही चांगला, पण खेड्यातील माणसाला तेल पुरेसे आहे. ते कुठे सोडावयाचे, हे अधिक महत्त्वाचे. साखळीच्या खालच्या पदराच्या आतील बाजूस, दोन पट्ट्या एकमेकींवर येतात त्या फटीत, थेंब थेंब सोडावे. साखळी फिरताना ते बाहेरच्या बाजूकडे फेकले जाते आणि जाताना सांध्यांतून जाते. हे काम गाडी चालवून आल्यावर, साखळी कोमट असताना करावे, रात्रभर तसेच ठेवावे आणि सकाळी वरचे जादा तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. पुसण्याचे पुष्कळांना नवल वाटते. तेल घालायचे आणि पुन्हा पुसायचे काय? परंतु बाहेरचे तेल साखळीच्या उपयोगाचे नसून धुळीच्या उपयोगाचे असते.

दर पाचशे किलोमीटरला एकदा हे करावे, असे सर्वसाधारण मान आहे. पावसाळ्यात मी आठवड्याने करीत असे. माझ्या वडिलांच्या बैलगाडीखाली वंगणाचे नळकांडे सदैव टांगलेले असे. लांबच्या गावाला निघताना कण्याला वंगण दिल्यावाचून त्यांनी बैल जुंपल्याचे मला आठवत नाही. त्याच घरातील नातू आज जे पाहतो ते पेट्रोलच्या काट्यापलीकडे जात नाही.

आता माझ्या हाताविषयी. आकाशवाणीवरून तो आपणांस दिसत नाही, म्हणून सांगावे लागते. माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीला शेवटचे पेर नाही. मी सतरा वर्षांचा असताना एका गॅरेजात शिकत होतो. गाडी मधल्या स्टँडवर लावून, इंजिन सुरू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये चाक फिरत असताना साखळीला चिंधी धरावयाची, म्हणजे ती आपोआप पुसली जाते, अशी तेथील रीत होती. काम झटपट होई. चिंधी एकदा साखळीत ओढली गेली आणि तिच्यामागून बोट स्प्रॉकेटवर गेले. दुखण्याच्या आधी मला आवाज ऐकू आला. तो कसा होता ते सांगत नाही. तेव्हापासून माझ्या दुकानात एक नियम आहे: साखळीला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद, किल्ली खिशात, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि चाक फिरवावयाचे ते हाताने. हाताने फिरवतानाही बोटे स्प्रॉकेटपासून दूर. घरातील लहान मुलांना तर त्या वेळी जवळ उभेसुद्धा राहू देऊ नये. फिरते चाक त्यांना फार आवडते.

ताण किती असावा, हा प्रश्न मला सर्वांत अधिक विचारला गेला. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत असतो. सामान्यतः खालच्या पदराच्या मध्यभागी बोटाने दाबले असता साखळी खाली-वर मिळून वीस ते तीस मिलिमीटर हलावी. साखळी सगळीकडे सारखी झिजत नाही. म्हणून चाक हळूहळू फिरवीत जी जागा सर्वांत घट्ट लागेल तेथे हे माप घ्यावे. सैलपणाचे दुष्परिणाम लोकांना कळतात, कारण सैल साखळी खडखडते. घट्ट साखळी गप्प असते, पण नुकसान तीही तेवढेच करते. गाडीवर नवरा, बायको, दोन मुले आणि मागे पोते असा संसार चढला की मागचे शॉक-ॲब्सॉर्बर दबतात, चाक वर येते, आणि दोन स्प्रॉकेटांमधील अंतर काहीसे वाढते. रिकाम्या गाडीवर ताठ केलेली साखळी अशा वेळी तारेसारखी ताणली जाते आणि गिअरपेटीच्या बेअरिंगला ओढू लागते. तेव्हा सैल ठेवलेले ते वीस-तीस मिलिमीटर ढिलाई नव्हेत, ती त्या संसाराची जागा आहे.

ताण देताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या जुळवाव्यात, नाहीतर चाक तिरके बसते. आसाचा नट पुरा आवळावा. आणि एक गोष्ट, जी जाणते मिस्त्रीही विसरतात: मागे ड्रम-ब्रेक असलेल्या गाडीचे चाक मागे सरकवले की ब्रेकचा गजही त्याबरोबर ओढला जातो, आणि ब्रेक जागच्या जागी घासू लागतो. म्हणून साखळीनंतर ब्रेकचे पायडल तपासून, लागल्यास जुळवून, मगच गाडी बाहेर काढावी.

साखळी बदलण्याची वेळ कशी ओळखावी? मागच्या स्प्रॉकेटवर, अगदी मागच्या टोकाला, साखळी बोटांनी धरून मागे ओढावी. दात्याचा निम्मा भाग उघडा पडला, तर तिचे दिवस भरले. मोजूनच पाहावयाचे तर सोपा हिशेब आहे. आपल्या बहुसंख्य मोटारसायकलींना ४२८ क्रमांकाची साखळी असते. त्यातील पहिला अंक दोन पिनांमधील अंतर सांगतो, इंचाचे चार अष्टमांश, म्हणजे १२.७ मिलिमीटर. ताणून धरलेल्या साखळीचे वीस दुवे, एका पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत, नवी असताना २५४ मिलिमीटर भरतात. ते २५९ भरू लागले, म्हणजे शेकडा दोन वाढ झाली; तिला निरोप द्यावा. एखाददुसरा दुवा काढून टाकून तीच साखळी पुन्हा चढवणारे कारागीर आहेत. त्यांना नमस्कार करून पुढे जावे.

नवी घेताना साखळी आणि दोन्ही स्प्रॉकेटे एकत्रच घ्यावीत. झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी काही महिन्यांतच म्हातारी होते. क्रमांक आणि दुव्यांची संख्या जुनीप्रमाणेच हवी. क्रमांकापुढे एच हे अक्षर असेल तर पट्ट्या अधिक जाड असतात. ओझे वाहणाऱ्याने ती घ्यावी, मात्र आपल्या चेनकव्हरात ती मोकळी फिरते याची खात्री करून. बाजारात नकली माल पुष्कळ आहे. पुडके हुबेहूब असते, परंतु साखळीच्या पट्ट्यांवरील नाव आणि क्रमांक पुसट किंवा वाकडे उठलेले असतात. माझी आणखी एक परीक्षा अशी: साखळी पट्ट्यांच्या अंगावर आडवी धरावी, म्हणजे पिना उभ्या राहतील. चांगली नवी साखळी थोडीच लवते. जिचे सांधे मुळातच ढिले आहेत ती धनुष्यासारखी वाकते. दुकानदार हे करू देत नसेल, तर दुसरे दुकान पाहावे. आणि बिल मागावे. नकली माल विकणाऱ्याला बिल लिहिण्याचा कंटाळा असतो.

राहिली ती साखळी जोडणाऱ्या दुव्याची क्लिप. तिच्याविषयी मला बोलणे प्राप्त आहे. बेल्याच्या बाजूचा एक शेतकरी मार्च महिन्यात माझ्याकडून नवी साखळी बसवून गेला. चौथ्या दिवशी मुलीला दहावीच्या परीक्षेला घेऊन तो पहाटे निघाला, आणि वाटेत क्लिप उडून साखळी रस्त्यावर पडली. त्या वेळी बस नव्हती. बापलेक सहा किलोमीटर चालले; मग एका ट्रॅक्टरने त्यांना पुढे नेले. पेपर सुरू होऊन वीस मिनिटे झाली होती. तेथील पर्यवेक्षकाने तिला बसू दिले, हे त्याचे उपकार. दुपारी तो मनुष्य साखळी पिशवीत घालून माझ्याकडे आला. तो रागावला नाही. "मिस्त्री, काय चुकलं?" एवढेच त्याने विचारले. वाटेवरून वेचून आणलेली क्लिपही त्याने माझ्या हातावर ठेवली. मी ती उलटी बसवली होती. त्या दिवशी दुकानात गर्दी होती, मी पोराशी बोलत होतो, बसवली आणि कव्हर लावून टाकले. ती उलटी होती हे मी त्याला सांगितले. मजुरी परत देऊ केली. ती त्याने घेतली नाही.

ही क्लिप दिसावयाला माशासारखी असते; एक टोक बंद, दुसरे दुभंगलेले. साखळी ज्या दिशेने धावते तिकडे माशाचे तोंड, म्हणजे बंद टोक, असावयाला हवे. वरचा पदर पुढे धावतो, म्हणून वरच्या पदरावर बसवताना तोंड पुढे. खालच्या पदरावर तोंड मागे. शेपटी पुढे असली, तर कव्हरातील चिखलाच्या पहिल्या गोळ्याला थडकून ती निघते. मासा कधी शेपटी पुढे करून पोहत नाही, असे मी त्यानंतर माझ्या प्रत्येक शिकाऊ पोराला सांगत आलो. आपण मिस्त्रीकडून साखळी बसवून घेतली, तर कव्हर लावण्यापूर्वी स्वतः वाकून मासा पाहावा. मिस्त्रीला राग येईल, अशी भीती बाळगू नये. मला आला नसता.

मागे बसणाऱ्यांसाठी दोन शब्द. मागच्या चाकाला जाळी असणे हे मोटार वाहन नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. गाडी शोभिवंत दिसावी म्हणून तरुण मुले ती काढून ठेवतात. तिच्यामुळे पदर, ओढणी, उपरणे चाकात जात नाही. उघड्या साखळीच्या गाडीवर तर पदर खोचून घेतल्यावाचून बसूच नये. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला पुष्य अमावास्येला गाड्यांची रीघ लागते. त्या गर्दीत नऊवारी नेसलेल्या कितीतरी म्हाताऱ्या नातवांच्या मागे एकाच बाजूला पाय सोडून बसलेल्या असतात. नातवाने निघताना मागे वळून एकदा पाहावे.

दसरा आला की आपण सर्वजण गाडी धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. पाण्याचा जोराचा फवारा साखळीवर मारू नये. मारला गेलाच, तर साखळी वाळवून त्याच दिवशी तेल द्यावे. हार हँडललाच घालावा, आणि पूजा झाल्यावर गाडी सुरू करण्यापूर्वी तो काढून घ्यावा. सुटलेला दोरा साखळीत गेला की पिनेपाशी गुंडाळून बसतो, आणि तो चिमट्याने काढण्यात माझ्या दुकानातील पोरांची दसऱ्यानंतरची सारी सकाळ जाते.